कापूस गेला, गोळी राहिली

१८ नोव्हेंबर, मंगळवार. राळेगाव.

डॉक्टर, सकाळपासून तुमचं औषधांचं कपाट रिकामं करते आहे. तीन खोकी मांडली आहेत. एकात मुदत संपलेली औषधं, दुसऱ्यात चालणारी, तिसऱ्यात काय आहे ते कळत नाही अशी. तिसरं खोकं आधी भरलं. कंपन्यांच्या माणसांनी दिलेली नमुन्याची पाकिटं तुम्ही वाटली नाहीत हे ठीकच, पण फेकलीही नाहीत. इतक्या वर्षांची सगळी इथे, खालच्या दोन कप्प्यांत.

शेषराव दारात उभे आहेत. तुमचे कंपाउंडर म्हणून अख्खं आयुष्य गेलं, त्यामुळे खोक्यात काही पडलं की त्यांचा जीव वरखाली होतो.

"मॅडम, थे राहू द्या न. साहेबानं ठेवलं म्हंजे काहीतरी कारण असन."

"शेषराव, याची मुदत तीन वर्षांपूर्वी संपली."

"मुदत छापतेत हो. साहेब काय छापलेलं वाचून वागत होते का?"

ते पाकीट मी खोक्यात टाकलं. काकूंनी मला बोलावलं ते यासाठीच. परवा तुमचं तेरावं झालं आणि काल त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "शेषराव एक पाकीट हलवू देत नाही, माझ्यानं बघवत नाही. तू ये. तुझा हात चालतो."

हात चालतो, खरं आहे. रडायचं ते स्मशानाबाहेर रिक्षात बसून झालं. आता काम आहे, आणि ते कपाटापुरतं नाही. माझ्या पर्समध्ये आपल्या फॉर्मची शेवटची प्रत आहे. नको असलेली औषधं गावच्या दवाखान्यात कमी कशी करता येतील, यावरचं आपलं संशोधन आता सगळ्या जिल्ह्यात जायचं आहे. उद्या सकाळी प्रत यवतमाळच्या छापखान्यात दिली नाही तर हंगाम गेला. शहरातल्या संस्थेनं त्यात लाल पेनानं दोन बदल सुचवले आहेत. एक, 'गोळीला सुट्टी' काढून तिथे 'औषध बंद' लिहा. दोन, चौथा रकाना गाळा. शेवटी लिहिलं आहे, "डॉक्टरांच्या संमतीनेच हे करायचे होते. आता ते नाहीत. अंतिम निर्णय आपण घ्यावा."

आपण म्हणजे मी. तुम्ही असता तर लाल पेन घेणाऱ्यालाच इथे बाकावर बसवलं असतं.

मला बसवलं होतं तसं. आठवतं? मी यवतमाळच्या फार्मसी कॉलेजात शिकवणारी, या कामाची समन्वयक, गळ्यात ओळखपत्र, हातात अकरा पानांचा फॉर्म. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, "बसा. पेशंट संपले की बोलू." बाजाराचा दिवस होता. पेशंट संपेनात. बाकावर माझ्या एका बाजूला खोकणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला कोंबडी घेऊन आलेली बाई. दोन तासांनी तुम्ही आतूनच ओरडलात, "फॉर्मवाल्या बाई, आत्ताच्या बाईले पाहाले मले किती वेळ लागला?"

मी घड्याळ पाहत नव्हते.

"तीन मिनटं. त्यातलं एक तिनं सुनेबद्दल सांगितलं. तुमचा फॉर्म भराले किती लागते?"

मी खरं सांगितलं. पाऊण तास.

"मंग सून कोण ऐकणार?"

मी फॉर्म टेबलावर ठेवून, चिडून, शेवटच्या एस.टी.नं परत गेले. आठवड्यानं आले तर शेषराव माझ्या फॉर्मच्या पानांच्या पुड्या बांधत होते. संस्थेचं चिन्ह असलेल्या, चांगल्या जाड कागदाच्या पुड्या. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "तुमच्या संशोधनाचा पहिला उपयोग. कागद मस्त आहे, पावडर सांडत नाही." मला इतका राग आला की हसूच आलं. मग तुम्ही ते वाक्य बोललात ज्यावर पुढची सगळी वर्षं उभी राहिली. "फॉर्म भराले मी येणार नाही. फॉर्म बनवाले बोलवा, येतो. आणि मी एकटाच नाही, आम्हा सगळ्यांले बोलवा."

संस्थेत कोणाला पटलं नाही. फॅमिली डॉक्टर माहिती देतात, फॉर्म तज्ज्ञ बनवतात, असं मला समजावण्यात आलं. मी म्हटलं, पाऊण तासाचा फॉर्म कोणी भरणार नाही, मग तज्ज्ञ काय मोजणार? हे मला बाकावर कळलं होतं, पण तसं सांगितलं नाही.

ती वर्षं कशी होती, तुम्हीच जास्त पाहिलीत. भाव पडलेला, कापूस घरात. पाहणीला गाड्या येत, त्यांच्या मागून शिबिरं येत, शिबिरांत गोळ्या वाटल्या जात. 'टेन्शन' हा शब्द डोक्यावर घमेलं घेऊन निघालेल्या बाईच्याही तोंडी बसला होता. गोळी सुरू करणारा गाडीत बसून निघून जाई, आणि ती पुढे चालू ठेवणारे तुम्ही. तुम्ही म्हणायचात, "देणारे लय आहेत. काढणाऱ्याची नेमणूकच कोणी केली नाही."

शाळेच्या वर्गात ती पहिली बैठक झाली. रविवारची दुपार, सात डॉक्टर पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. संस्थेच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि वीज गेली. भारनियमनाचे मी आजवर आभार मानत आले आहे. अंधुक वर्गात एकेक जण बोलू लागला, आणि सगळे एकच बोलत होते. आम्ही कुठे जास्त औषधं देतो? बाहेरचे देतात. शहरवाले देतात. मेडिकलवाला देतो.

तुम्ही उठलात. पिशवीतून एक प्लॅस्टिकची पन्नी काढलीत आणि मास्तरांच्या टेबलावर उपडी केलीत. गोळ्यांची पाकिटं, अर्धवट, कात्रीनं कापलेली, काहींवर नावंच उरली नव्हती.

"ही पार्वताबाईची थैली. कापूस वेचते. हात थरथरतेत, बोंड धरता येत नाही, म्हणून आली. आता सांगा, यातलं कोणतं कोणी सुरू केलं?"

तुम्ही एक पाकीट उचललंत.

"ही खाजेची. दोन वर्षांमागं भाव नव्हता म्हणून हिच्या घरात कापूस भरून होता. माणसं कापसावरच झोपत. सगळ्या अंगाले खाज. गोळी मी दिली. होळीच्या सुमारास कापूस विकला. कापूस गेला, गोळी राहिली." दुसरं उचललंत. "त्या गोळीनं गुंगी येते. बाई म्हणे चक्कर येते. मी चकरेची दिली. पंधरा दिवसांसाठी. थांबव म्हणायचं राहून गेलं. ही चकरेची लय दिवस घेतली तं हात थरथरतेत. हे मले माहीत आहे, तुम्हाले माहीत आहे, पार्वताबाईले माहीत नाही." मग तिसरं. "ही थरथरीची. ही माही नाही."

मग मागच्या बाकावरून यवतमाळचे डॉक्टर निमकर म्हणाले, "ती माझी आहे. कंप दिसला, लिहून दिली. थैली पाहिली नाही."

त्यानंतर वर्गात जे झालं ते मी कुठल्याच बैठकीत पाहिलं नाही. प्रत्येकाला आपापली पार्वताबाई आठवली. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं सांगितलं, मधेच कोणी हसलं, कोणी खिडकीपाशी जाऊन उभं राहिलं. खडू तुमच्या हातात होता. फळ्यावर तुम्ही रकाने पाडलेत. औषध कोणतं, कशासाठी, ते कारण आता आहे का. चौथा, 'कोणी सुरू केलं?', आणि त्याखाली पहिला पर्याय, 'मी'. पहिला. 'दुसऱ्याने' त्याच्या खाली. संस्थेचा माणूस कुजबुजला, "डॉक्टर दुखावतील." तुम्ही त्याच्याकडे न वळता म्हणालात, "दुखावले तं बरंच. जिवंत असल्याची खूण आहे."

अकरा पानांचं एक पान झालं. तिसऱ्या रकान्याला तर डॉक्टर आपसांत नावच पाडून बसले. फोनवर एकमेकांना विचारायचे, "काय हो, कापूस गेला का?" म्हणजे कारण संपलं का. मी विद्यार्थ्यांनाही तसंच शिकवते. परीक्षेत एका मुलीनं तसंच लिहिलं, मी पूर्ण गुण दिले.

'सुट्टी' मात्र नंतर आली. आपण सगळ्यांनी मिळून चूक केली तेव्हा. फॉर्मवर छापलं होतं, 'औषध बंद'. पार्वताबाईंना तुम्ही समोर बसवलंत, मी शेजारी नोंद घ्यायला. तुम्ही समजावून सांगितलंत, ही चकरेची हळूहळू कमी करू, आधी अर्धी, मग पाव, मग बंद. बाईंचा चेहरा उतरला.

"बंद करता?"

"हो. गरज नाही."

"जिनिंग बंद, कापसाची खरेदी बंद, आता माही गोळीबी बंद? म्हंजे माह्यात काही राह्यलं नाही असंच म्हना न जी." आणि पदर डोळ्याला लावून उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मेडिकलमधून तीच गोळी आणली, स्वतःच्या पैशानं, अख्खी.

तुम्ही त्या संध्याकाळी मला फोन केलात. "फॉर्मवाल्या बाई, गोळी नाही चुकली, शब्द चुकला." मी म्हटलं, शब्दानं काय फरक पडतो, समजावण्यात कमी पडलो. तुम्ही म्हणालात, "तुम्ही शिकवता, म्हणून तुम्हाले समजावण्याचा फार भरवसा."

पुढच्या आठवड्यात तुम्ही पार्वताबाईंना निरोप पाठवून बोलावलंत. मी मुद्दाम आले होते, तुम्ही काय करता ते पाहायला. तुम्ही पाकीट हातात घेतलंत, मागेपुढे पाहिलंत आणि म्हणालात, "पार्वताबाई, या गोळीनं लय काम केलं. आता हिले सुट्टी देऊ."

"सुट्टी?" बाई पुढे झुकल्या. "दवाखान्यातून भेटते तशी?"

"तशीच."

"म्हंजे बरी झाली म्हना की!" आणि मग, डोळे बारीक करून, "आन् पुन्हा चक्कर आली तं?"

"तं सुट्टी रद्द. बोलावून घेऊ परत."

बाई हसल्या. दात नसलेलं, मोकळं हसू. हळूहळू तीनही गोळ्या सुटल्या. थरथर जायला चार महिने लागले. दसऱ्यानंतर त्या दवाखान्यात आल्या, ओट्यात कापूस होता. तुमच्या टेबलावर एक बोंड ठेवलं आणि दोन बोटांनी, एका झटक्यात, काडीकचरा न येऊ देता पांढरं स्वच्छ वेचून दाखवलं. तुम्ही फक्त माझ्याकडे पाहिलंत, आणि मी फॉर्मवर काय लिहावं ते मला कळेना, कारण त्याला रकाना नव्हता.

त्यानंतर बाकावरून आवाज येऊ लागले, "साहेब, माह्याबी एकीले सुट्टी द्या न." तेव्हा तुमचं दुसरं रूप दिसलं. एका मास्तरांनी हौसेनं रक्तदाबाची गोळी स्वतःच सोडली होती. त्यांना तुम्ही सगळ्यांदेखत असं झापलंत की कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. "सुट्टी मी देतो. तू कोण देणारा? पळून गेल्याले सुट्टी म्हणत नाहीत, गैरहजर म्हणतात." मास्तर हजर झाले. गोळीविरुद्ध तुम्ही कधीच नव्हता, हे शहरात मला अजून सांगत बसावं लागतं.

भांडण आपलं एकाच गोष्टीवर झालं, आणि ते मिटलं नाही. मी म्हणत होते, निम्म्या डॉक्टरांनी वर्षभर नेहमीसारखंच चालवावं, निम्म्यांनी थैली पाहावी, मग तुलना करू. त्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही म्हणालात, "आणि पार्वताबाई नेहमीसारख्यात आली तं? वर्षभर थरथरू द्यायचं, तुमच्या तुलनेसाठी?" मी म्हटलं, तुलना नाही केली तर जिल्ह्यातल्या बाकीच्या पार्वताबाई आयुष्यभर थरथरतील. तुम्ही चहाचा कप सरकवलात. "तुमचं गणित बरोबर आहे. मले फक्त गणितातली बाई दिसते." डॉक्टर, मी अजून म्हणते, माझं बरोबर होतं. तुमचंही चूक नव्हतं. हे दुसरं वाक्य मी तेव्हा बोलले नाही.

आणखी एक राहिलं. तुमचा शेवटचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या बसस्टँडवर होते, गाडी लागत होती. तुम्ही म्हणालात, "बाई, एक रकाना अजून पाहिजे." मी म्हटलं, "आता काही नाही हं डॉक्टर, प्रत पक्की झाली. नंतर सांगा." तुम्ही म्हणालात, "बरं, नंतर." आणि जाता जाता, नेहमीसारखं, "तुमच्या आईची थैली कधी आणता?" मी म्हटलं, आणते.

कोणता रकाना, ते मी काकूंना विचारलं, शेषरावांना विचारलं, निमकरांना फोन केला. कोणालाच माहीत नाही.

आता दुपार झाली. कपाटाचा वरचा कप्पा राहिला होता. तिथे मागे, रिकाम्या बाटल्यांच्या आड, एक पुडी सापडली. जाड कागद, कोपऱ्यावर संस्थेचं चिन्ह. पावडर दगड झाली होती, ती फेकली. कागद सरळ केला. सातवं पान. मीच टाइप केलेलं, 'औषध बंद करण्यास रुग्णाची संमती आहे का? होय / नाही.' त्याच्यावर शेषरावांच्या अक्षरात निळ्या शाईनं, 'दोन वेळा, जेवल्यावर.'

शेषरावांना दाखवला. ते म्हणाले, "हा तं तुमचा फॉर्म. साहेब म्हणे, एक पान ठेवून दे. बाई मोठी झाली म्हंजे दाखवू."

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे, डॉक्टर.

लाल पेनाच्या प्रतीवर मी काय करणार ते मला त्या पानानं सांगितलं असं म्हणणार नाही. मला ते सकाळीच माहीत होतं. फक्त तुम्ही नसताना सही करण्याची सवय नव्हती. या जिल्ह्यात संशोधन पुष्कळांनी केलं, आमच्यावर केलं. सात डॉक्टरांनी पोरांच्या बाकांवर बसून स्वतःच्या चुका फळ्यावर लिहिल्या आणि त्यातून संशोधन उभं केलं, हे एकदाच झालं, आणि मी तिथे होते. मला कोणी विचारलं की आयुष्यात काय केलंस, तर मी त्या रविवारचं सांगेन.

तिन्ही खोकी बांधली. कपाट पुसून घेतलं. काकूंनी वाढलेलं जेवून चारच्या गाडीनं निघते.

१९ नोव्हेंबर. यवतमाळ.

सकाळी नऊला छापखान्यात गेले. 'सुट्टी' तशीच ठेवली. चौथा रकाना तसाच ठेवला, 'मी' सगळ्यात वर. खाली सही केली. शेवटी एक रकाना वाढवला आणि त्यावर काही लिहिलं नाही. छापखानेवाले म्हणाले, "ताई, याला मथळा द्यायचा राहिला."

"राहिला नाही. ज्या डॉक्टरला वाटेल की आम्ही काही विसरलो, तो लिहील."

"सगळे वेगवेगळं लिहितील मग."

"लिहू द्या."

तिथून घरी आले. आईची थैली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर असते. ती काढली, आईला रिक्षात बसवलं. आई वाटभर विचारत होती, "मले काही झालं नाही, कायले नेऊन राह्यली?" निमकरांच्या दवाखान्यात तासभर बाकावर बसलो. आत गेल्यावर मी थैली त्यांच्या टेबलावर उपडी केली. त्यांनी एकेक पाकीट बाजूला ठेवलं, एक गुलाबी कॅप्सूल उचलली आणि वाचून पाहिली. ॲसिडिटीची. सहा वर्षांपूर्वी आईच्या गुडघ्यासाठी वेदनेच्या गोळ्या चालू होत्या, तेव्हा पोट जळू नये म्हणून घेतलेली. गुडघा केव्हाच बरा झाला आहे.

त्यांनी कोरा फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, "कोणी सुरू केली?"

मी म्हटलं, "मी."